चकाकी पुसणारी काच

पावसाळ्यात रस्त्याकडेला साचलेल्या डबक्यात तुम्ही कधी डोकावून पाहिलंय? काय दिसलं? आकाश, एखादा ढग, विजेच्या तारा, आणि जास्तच वाकलात तर तुमचं स्वतःचं तोंड! पण डबक्याच्या तळाशी काय होतं? खडे होते, बेडकाची पिल्लं होती, की कुणाची हरवलेली गोटी होती? ते काही दिसलं नसणार. पाणी अगदी स्वच्छ असलं तरीही दिसत नाही. कारण वरची चकाकी मध्ये येते.

दुकानाच्या काचेचं तेच. आत खेळणी मांडलेली असतात आणि आपल्याला दिसते आपल्या पाठीमागची रिक्षा! पावसानं धुतलेल्या पानांचंही तेच. पानं हिरवीगार असतात, पण फोटो काढला की पांढुरकी येतात. आपले डोळे हुशार. मान जरा इकडे, जरा तिकडे करून ते चकाकी चुकवतात. बिचारा कॅमेरा मात्र समोर येईल ते गपगुमान टिपून घेतो.

ही चकाकी पुसणारी एक काच मिळते, बरं का! तिचं नाव पोलरायझिंग फिल्टर. दिसायला गॉगलच्या काचेसारखी, करड्या रंगाची. भोवती धातूची कडी. कडीचा मागचा भाग लेन्सच्या तोंडावर आट्यांनी घट्ट बसतो आणि पुढचा भाग गोल गोल फिरतो. सगळी गंमत त्या फिरण्यातच आहे.

असा एक नवा कोरा फिल्टर हाती आला आणि त्याची परीक्षा कुठे घ्यायची, असा प्रश्न पडला. आठवीतल्या भाचीनं तो चटकन सोडवला. "मावशी, जिथे पाणी आहे, ओली पानं आहेत, फुलं आहेत आणि वर मोकळं आकाश आहे, तिथे जायचं. म्हणजे कासला!" सप्टेंबर महिना चालू होता. मग दुसरा विचार करायचं कारणच नव्हतं. चला तर, तुम्हीही या आमच्याबरोबर.

गजांतून जाणारी दोरी

साताऱ्याहून कासचं पठार सुमारे २५ किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढू लागलो की मागे सातारा शहर आणि अजिंक्यतारा किल्ला दिसत राहतो. गाडी वळणं घेते आहे, तोवर आपण ही काच काय करते ते समजून घेऊ.

प्रकाश लाटांसारखा थरथरत पुढे जातो. सूर्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशाची थरथर सगळ्या दिशांनी असते. वर-खाली, डावी-उजवी आणि तिरकीसुद्धा. पण हाच प्रकाश पाण्यावर, काचेवर किंवा गुळगुळीत पानावर आपटून तिरका परतला, की त्याला एकदम शिस्त लागते. पाण्यावरून परतलेल्या प्रकाशाची थरथर बरीचशी आडवी होऊन जाते. याला म्हणतात प्रकाशाचं ध्रुवीकरण.

आता खिडकीच्या उभ्या गजांमधून एक लांब दोरी बाहेर सोडा आणि तिचं दुसरं टोक मित्राच्या हाती द्या. दोरी वर-खाली झटकली तर लाट गजांमधून आरामात पलीकडे जाते. आडवी झटकली तर? गजांवर आपटून तिथेच थांबते! आपल्या फिल्टरमध्येही असेच अतिसूक्ष्म गज आहेत असं समजा. कडी फिरवून ते उभे केले की पाण्यावरून आलेला आडव्या थरथरीचा प्रकाश अडतो. पाण्याच्या आतून आलेला प्रकाश मात्र बराचसा पुढे येतो. झालं, चकाकी पुसली गेली!

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती १८०८ साली, पॅरिसमध्ये. एटिएन मालूस नावाचा शास्त्रज्ञ कॅल्साइटच्या पारदर्शक स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्या पाहत होता. मावळत्या सूर्याचं ऊन काचांवर चमकत होतं. स्फटिक हातात फिरवला की ती चमक कमीजास्त होते, असं त्याला दिसलं. हा कॅल्साइट काही परका नाही हं! आपल्या महाराष्ट्रातल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्येही तो सापडतो. पुढे १९२९ च्या सुमाराला एडविन लँड या विशीतल्या अमेरिकन तरुणानं स्फटिकाऐवजी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा वापरून हेच काम करून दाखवलं. म्हणून आज ही काच तुमच्याआमच्या हातात येऊ शकते.

"इथे तर काहीच नाही!"

कासचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. खाली जांभा दगड आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. उन्हाळ्यात इथे आलात तर, "हेच का ते कास?" असं म्हणाल. नुसता तापलेला सडा! पण पाऊस पडला की त्याच दगडावर शेकडो जातींच्या वनस्पती उगवतात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा बहर असतो. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, निळीजांभळी सीतेची आसवं. पिवळ्या कवल्याच्या फुलावर दोन लाल ठिपके असतात, म्हणून मुलं त्याला 'मिकी माऊस' म्हणतात. सात वर्षांतून एकदा फुलणारी टोपली कारवीही इथलीच. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात कासचाही समावेश आहे.

पहिली परीक्षा तेरड्याच्या पानांवर घेतली. रात्री पाऊस पडून गेला होता. पानं ओली होती आणि आभाळ त्यांवर चकचकत होतं. कडी हळूहळू फिरवली. एका जागी आली आणि पानांवरचा पांढुरका पडदा कुणी ओढून घ्यावा तसा नाहीसा झाला! खालून गडद हिरवा रंग वर आला. फुलांचा गुलाबी रंगही आधीपेक्षा भरीव दिसू लागला. भाची म्हणाली, "मावशी, फिल्टरनं रंग लावला की काय?" नाही गं! त्यानं काहीच लावलं नाही, फक्त काढून घेतलं. रंग तिथे होताच.

पण या काढून घेण्याची किंमत द्यावी लागते. फिल्टर आला की कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश निम्म्यानं किंवा त्याहूनही कमी होतो, कधी पाव उरतो. फिल्टरशिवाय सेकंदाच्या २५० व्या भागात निघणाऱ्या फोटोला मग ६० वा भाग लागू शकतो. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि फूल डुललं, की फोटो हलला! म्हणून वारा पडायची वाट पाहत थांबायचं. कासच्या वाऱ्यावर हे सोपं नाही, पण धीर धरायची सवय लागते.

पायवाटेच्या कडेला एक सपाट दगड होता. त्यावर पावसाच्या पाण्याचा पातळ थर, आरशासारखा लखलखणारा. त्याच्या पलीकडे फुलं होती. भाचीला तिथे उभं राहून ती टिपायची होती. ती एक पाय उचलणार, तोच पाठीमागून आवाज आला, "ओ ताई, तितं पाय नका टाकू!" आमच्याबरोबर जवळच्याच गावातले एक काका वाट दाखवायला आले होते.

"काका, पण इथे तर काहीच नाही. नुसता दगड आहे," भाची म्हणाली.

"काय न्हाई म्हंता? तुमच्या त्या कॅमेऱ्यातनं बगा की जरा."

आम्ही वाकून कॅमेरा लावला आणि कडी फिरवली. पाण्यावरचं आभाळ हळूहळू ओसरलं. खाली काय होतं सांगू? दगड नव्हताच दिसत! हिरवं मखमली शेवाळ होतं. टाचणीच्या डोक्याएवढी पानं होती. दोऱ्यासारख्या देठांवर सीतेच्या आसवांच्या कळ्या होत्या. आणि एक बेडकाचं पिल्लू शेपटी हलवत बसलं होतं. आमच्या मते जिथे काहीच नव्हतं, तिथे पाय ठेवायलाही जागा नव्हती.

सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती आहे. पाण्यात आणि ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत अगदी सूक्ष्म जीव ओढले जातात. दगडावरच्या मातीत पोषण कमी, म्हणून तिनं ही युक्ती शोधली. म्हणजे ज्याला आपण डबकं म्हणतो, ते तिचं ताटच की! त्या पातळ मातीवर बूट पडला तर ताट, जेवण आणि जेवणारी, सगळंच चिरडून जातं.

काकांनी मग आपली काळी छत्री उघडली आणि दगडाच्या पलीकडच्या बाजूला धरली. पाण्यात पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब छत्रीनं अडलं आणि तळ साध्या डोळ्यांनी दिसू लागला. "आमचा फिल्टर ह्यो असा," काका हसून म्हणाले. आहे की नाही नामी युक्ती? तुमच्याकडे फिल्टर नसला तरी छत्री असेलच!

आजकाल कासवर हंगामात नोंदणी करून ठरावीक संख्येनंच लोकांना आत सोडतात. आसपासच्या गावांतले लोक वनखात्याच्या बरोबरीनं पठाराची राखण करतात. तरीही फुलांच्या मधोमध बसून फोटो काढून घ्यायचा मोह अनेकांना आवरत नाही. फोटोत फुलं छान येतात, पण माणूस उठून गेल्यावर खाली काय उरतं, त्याचा फोटो कोणी काढत नाही.

आकाशातली गडद पट्टी

आता वर पाहू. उजव्या हाताची तर्जनी सरळ आणि अंगठा तिच्याशी काटकोनात, अशी खेळातली बंदूक करा. सूर्याकडे न पाहता, आपल्या सावलीच्या अंदाजानं, तर्जनी सूर्याच्या दिशेला रोखा. मग मनगट फिरवा. अंगठा आकाशात ज्या ज्या जागा दाखवेल, तिथे फिल्टरचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो. कारण निळ्या आकाशाचा प्रकाश हवेच्या कणांवरून विखरून येतो आणि सूर्याशी काटकोनात असलेल्या पट्ट्यात तो सर्वात जास्त ध्रुवित झालेला असतो. तिथे कॅमेरा रोखून कडी फिरवली की निळा रंग गडद होतो. ढगांच्या प्रकाशाला अशी शिस्त नसते, म्हणून ते पांढरेच राहतात आणि कापसासारखे उठून दिसतात. आभाळ पूर्ण भरून आलेलं असेल तर मात्र ही करामत चालत नाही.

आपल्या डोळ्यांना ही पट्टी दिसत नाही. पण कासच्या फुलांवर गुणगुणणाऱ्या मधमाशांना तिचा पत्ता आहे! १९४९ साली कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की, सूर्य झाकलेला असला तरी निळ्या आभाळाच्या एखाद्या तुकड्यातला ध्रुवित प्रकाश पाहून मधमाशा दिशा ओळखतात. मधमाशांवरच्या संशोधनासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. आपण पैसे मोजून जी काच आणतो, तशीच सोय मधमाशीच्या डोळ्यात जन्मापासून असते.

कुमुदिनीचं तळं आणि रामन यांचा समुद्र

पठारावरून साधारण दोन किलोमीटर चालत गेलं की कुमुदिनीचं तळं लागतं. उथळ पाणी आणि त्यावर तरंगणारी पांढरी, झालरीच्या पाकळ्यांची फुलं. दुपार कलली की ती मिटू लागतात, म्हणून आम्ही अकराच्या आतच पोचलो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाण्याकडे सरळ वरून पाहिलंत तर फिल्टर कितीही फिरवा, फरक पडत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून तिरकं पाहिलं की चकाकी जवळजवळ पूर्ण जाते. आम्ही काठावरच गुडघ्यांवर बसून तो कोन साधला. कडी फिरवताच पाणी जणू नाहीसंच झालं आणि फुलांचे लांब देठ तळापर्यंत गेलेले दिसू लागले. पण भाचीचं मत वेगळं पडलं. "मावशी, आता ही फुलं पाण्यावर आहेत असं वाटतच नाही. हवेत टांगल्यासारखी दिसतायत." मग तिनं कडी अर्धीच फिरवली. थोडं आभाळ पाण्यावर राहिलं, थोडे देठ आत दिसले. तो फोटो माझ्या फोटोपेक्षा चांगला आला, हे मला मान्य करावंच लागलं!

पाण्यावरची चकाकी काढून आत पाहायचं हे काम आपल्याआधी एका फार मोठ्या माणसानं केलं होतं. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीनं मुंबईला येत होते. समुद्र निळा का दिसतो? तो आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो म्हणून, असं तेव्हा सांगितलं जाई. रामन यांनी कॅल्साइटपासून बनवलेला निकोलचा लोलक डोळ्याला लावला आणि पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंबच पुसून टाकलं. समुद्र फिका पडायला हवा होता. तो तर आणखी निळा दिसला! म्हणजे निळाई समुद्राची स्वतःचीही होती. सप्टेंबर महिन्यात बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी याबद्दल 'नेचर' या विज्ञानपत्रिकेला लिहिलं. त्यातूनच प्रकाशाच्या विखुरण्याचा त्यांचा अभ्यास वाढत गेला आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी 'रामन परिणाम' सापडला. १९३० साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. दर वर्षी २८ फेब्रुवारीला शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो ना, तो याच शोधाच्या आठवणीसाठी.

आणि इंद्रधनुष्य गेलं!

परतीच्या वाटेवर काकांनी दवबिंदू दाखवला. ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती. पानांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट, चमचमणारा थेंब. हा चमचमाट पाहून कीटक येतात आणि चिकटतात. सवयीनं कडी फिरवली, तर काही थेंबांची चमक विझली. आता सांगा, हा फोटो खरा म्हणायचा का? दवबिंदूची चकाकी हेच तर त्याचं जाळं! इथे आम्ही फिल्टर काढून पिशवीत ठेवला.

चार वाजून गेले होते. पश्चिमेला ऊन, पूर्वेला पावसाची सर. अचानक भाची ओरडली, "इंद्रधनुष्य!" तिनं घाईघाईनं फिल्टर पुन्हा चढवला, कडी फिरवली आणि तिचा चेहरा एकदम उतरला. "मावशी, गेलं की ते!" कॅमेऱ्यावरून डोळा काढला तर इंद्रधनुष्य होतं तिथेच होतं. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवित असतो ना! कडी एका बाजूला फिरवली तर समोरची कमान पुसली जाते, पुन्हा काटकोनात फिरवली तर आसपासच्या उजेडापेक्षा ती अधिक ठसठशीत दिसते. काच तीच, हात तोच.

तेव्हा लक्षात ठेवा, फिल्टर खोटं बोलत नाही, पण काय ठेवायचं आणि काय पुसायचं ते त्याला कळत नाही. ते तुम्हाला ठरवायचं आहे. आणि ठरवण्याआधी कडी पूर्ण एक फेरा फिरवून, सगळं नीट पाहून घ्यायचं.

घरी करून पाहा

फिल्टर नसला तरी चालेल. घरात कुणाचा पोलरॉइड गॉगल असेल तर विचारून घ्या. मोबाइलच्या लेन्सपुढे तो धरा, हळूहळू फिरवा आणि पाण्याची बादली, ओलं पान, खिडकीची काच पाहा. मग स्टीलचा डबा पाहा. त्याची चमक जाणार नाही, कारण उघड्या धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाला ती शिस्त लागत नाही. आता गॉगल कॅल्क्युलेटरच्या आकड्यांपुढे फिरवा. एका जागी आकड्यांची सगळी पट्टीच काळी होईल. का बरं? विज्ञानाच्या बाईंना विचारा.

एक मात्र कधीही करू नका. फिल्टरमधून किंवा गॉगलमधून सूर्याकडे पाहू नका. डोळ्यांचं रक्षण करायचं काम या काचेचं नाही.

आणि आईबाबांसाठी दोन शब्द. फिल्टर घेताना लेन्सच्या कडेवर छापलेला व्यास पाहा, ५२, ५८ किंवा ६७ मिलिमीटर असा काहीतरी असेल. त्याच मापाचा 'सर्क्युलर' प्रकारचा पोलरायझर मागा, म्हणजे कॅमेऱ्याच्या आपोआप फोकस होण्यात अडथळा येत नाही. फोटोचे रंग नंतर संगणकावर गडद करता येतात, पण चकाकीखाली खरोखर काय होतं ते तिथे कळत नाही. ते जागेवरच, वाकून पाहावं लागतं.

कासला जाल तेव्हा पायवाट सोडू नका. आणि एखादी ओली, चकचकीत, रिकामी जागा दिसली, तर पाऊल टाकण्याआधी छत्री उघडून पलीकडे धरा. कोण कोण राहतं तिथे, ते आम्हाला पत्र लिहून जरूर कळवा.